दोरकऱ्याची जोड

४ फेब्रुवारी

काका,

नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर हे सांगता आलं नसतं. फोनवर तू दोन मिनिटांत "बरं, ठेवतो" म्हणतोस आणि बाबा "जेवलीस का"च्या पुढे जात नाहीत.

तुझ्याकडे काम आहे. आमची कंपनी एक नवा खेळ काढतेय. पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एक पात्र घेतो आणि त्या पात्रासारखं बोलतो, वागतो. सोबत फासे आणि नियमांचं जाड पुस्तक. जग बुडून शंभर वर्षं झालीत, आणि उरलेली माणसं कशी जगतात, असा एकूण मामला. नकाशावर सहा प्रदेश आहेत. पाच मी लिहिले. त्यांच्या चालीरीती, बोलणं, भांडणं, सगळं. आमच्या मुख्य बाई वाचून म्हणाल्या, "पाचही ठिकाणी तूच राहतेस." सहावा दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यायचा हुकूम झालाय. मे महिन्यात छपाई. तोवर नाही आला तर पाचावरच भागवणार.

सहाव्याचं नाव गाळपट्टा. नदीने शहरावर गाळ आणून टाकला, उंच इमारतींचे खालचे चार मजले गाडले गेले, त्याच्या वरच्या मजल्यांवर माणसं राहतात. वीज गेली तेव्हा लिफ्ट धडाधड कोसळल्या, एवढं मी लिहून ठेवलंय. लिफ्ट म्हटलं की मला दुसरं कोण आठवणार?

हातानेच लिही. तुझं अक्षर जसंच्या तसं पुस्तकात छापायचा विचार आहे. खाली तुझं नाव येईल.

बाबांना सांग, जेवले.

तुझी
बुटकी


१३ फेब्रुवारी

प्रिय बुटके,

अनेक आशीर्वाद.

पहिली गोष्ट. वीज गेली म्हणून लिफ्ट कोसळत नाही. हे तू लिहिलंस आणि खाली माझं नाव छापणार होतीस! लिफ्टचा ब्रेक उघडायला वीज लागते, लावायला नाही. वीज गेली की ब्रेक आपोआप बसतो. म्हणजे तुमचं जग बुडालं त्या दिवशी शहरातली प्रत्येक लिफ्ट जिथल्या तिथे थांबली आणि आतली माणसं अडकली. सव्वीस वर्षं मी हे काम केलं, तेही कुठल्या कॉलेजात न जाता, रद्दीत मिळालेली पुस्तकं वाचून. तेव्हा एवढं ऐक.

यातूनच तुझा गाळपट्टा सुरू होतो. तिथली पहिली माणसं म्हणजे लिफ्टमध्ये अडकलेली माणसं. सगळे त्यांचे वंशज.

आता नीट वाच. लिफ्टच्या खोलीला दुसऱ्या बाजूने वजन लटकवलेलं असतं. ही खाली गेली की ते वर. गाळपट्ट्यात वीज नाही, पण दोर आहेत आणि चाक आहे. त्यांनी दोन्ही बाजूंना पाळणे टांगले. एका पाळण्यात खाली जाणारा, दुसऱ्यात वर येणारा. म्हणजे कोणी वर आल्याशिवाय कोणाला खाली जाता येत नाही. जिने आहेत ना, असं विचारशील. जिने गाळाने भरले.

म्हणून प्रत्येकाला एक जोड असते, आपल्या वजनाचा माणूस (माझी शोधायची तर एकसष्ट किलोची). जोड लहानपणी ठरते. जेवणं दोघं मिळून सांभाळतात, कारण एक सुटला आणि दुसरा वाळला की दोघंही अडकले. वजन खोटं सांगणं हा सगळ्यात मोठा गुन्हा. लठ्ठ माणसाला मान असतो, त्याच्या जोडीला तीन-तीन पोरं जातात. जोड मेली तर तिच्या वजनाचे दगड वर्षभर पाळण्यात ठेवतात, मागे राहिलेल्याला नवी जोड मिळेपर्यंत. खाली उतरलेल्याला "कसा आहेस" विचारत नाहीत. "तुझ्यासाठी कोण आलं?" असं विचारतात.

दादा हाक मारतोय. थांब.

(वीस मिनिटांनी.) शेवटचं. वजनं अगदी सारखी कधीच नसतात, म्हणून वर चाकाशी एक माणूस लागतो. लाकडी ओंडक्याला दोराचे तीन वेढे, आणि टोक त्याच्या हातात. दोन वेढे दिले तर हात सोलतो, चार दिले तर दोर सरकतच नाही. तीन. त्या माणसाला दोरकरी म्हणायचं. त्याला जोड नसते. तो खाली गेला तर दोर कोण धरणार?

पत्र खालच्या शिंप्याकडे देतोय. खिडकीतून पिशवी सोडली की तो घेतो आणि पेटीत टाकतो. सव्वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या आणि राहतो बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, असं तो रोज एकदा तरी म्हणतो. हल्ली मी फारसा उतरत नाही. गुडघा.

तुझा
काका


२४ फेब्रुवारी

काका,

मुख्य बाईंनी तुझं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. लिफ्ट कोसळण्याचं वाक्य मी खोडलं, आणि मला तोंड लपवायला जागा उरली नाही. "तुझ्यासाठी कोण आलं?" हे तर ऑफिसात सुरूच झालंय. जेवायच्या सुट्टीवरून कोणी परत आलं की विचारतात.

शुक्रवारी खेळून बघितला. आमच्याकडे खेळून बघायला बाहेरची माणसं येतात. त्यांत एक दंतवैद्य बाई आहेत, फार हुशार. त्यांनी हौसेने दोरकरी घेतला. बाकीचे गाळात उतरून काय काय शोधत होते, भांडत होते, आणि बाई दोर धरून बसल्या. दोन तास. शेवटी म्हणाल्या, "माझ्या खुर्चीतला पेशंटसुद्धा अर्ध्या तासात सुटतो हो."

सगळे हसले. पण मुद्दा खरा आहे. आमच्याकडे नियम आहे की प्रत्येक पात्राला सुटायचा एक तरी मार्ग हवा, नाहीतर ते कोणी घेत नाही. दोरकरी कसा सुटतो? म्हातारा झाला की? कोणी बदली येतं? त्याने कोणाला तरी बोलवायचं असतं का? हे ठरल्याशिवाय गाळपट्टा मंजूर होणार नाही, असं मुख्य बाई स्पष्ट म्हणाल्या.

दुसरं, चित्रकाराला दोरकऱ्याच्या खोलीचा आराखडा हवाय. मापं टाकून दे, तुला आवडतंच.

गुडघ्याला काय झालं? मागे बोलला नाहीस.

बुटकी


५ मार्च

प्रिय बुटके,

आशीर्वाद.

दंतवैद्य बाईंना सांग, दोरकरी सुटत नाही. मी चार दिवस विचार केला. काहीतरी जोडून देता आलं असतं, पण खोटं लिहिणार नाही. चाकाचं गणित तसं आहे. दोर सोडला तर पाळण्यातला माणूस पडतो. तो बदली बोलावत नाही.

का, ते सांगतो. माझ्या हातून तीनशे बारा माणसं लिफ्टमधून सुटली, वहीत मांडून ठेवलंय. लोकांना वाटतं, अडकलेला माणूस लगेच घंटा दाबतो. चूक. आधी तो आरशात बघून केस नीट करतो. मग घड्याळ बघतो. मग आतल्या दुसऱ्या माणसाशी काहीतरी गमतीचं बोलतो. घंटा दाबायला लाज वाटते. मी दार उघडलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "मी ठीक आहे हो, उगाच त्रास दिला तुम्हाला." एक बाई पावणेतीन तास आत होत्या. घंटा चालू होती, मी तपासली. दाबली का नाही विचारलं तर म्हणाल्या, "वाटलं, कोणाच्या तरी लक्षात येईलच."

गाळपट्ट्यातली माणसं यांचीच नातवंडं. मागून घेतलेली बदली ही बदली नसते, असं ते मानतात. बोलावलेला माणूस दोर नीट धरत नाही, त्याचा एक डोळा परत जायच्या वाटेवर असतो.

आराखडा सोबत आहे. खोली बारा फूट बाय नऊ. मापं सगळी टाकलीत. दोन खाटा, एक भिंतीशी, दुसरी दाराला आडवी. दाराची कडी कुठे ते बाणाने दाखवलंय. तुमच्या चित्रकाराला म्हणावं, अंदाजपंचे काढू नकोस.

दादा मजेत आहे. आज दोनदा आंघोळ केली. गुडघा बरा आहे.

काका


१४ मार्च

काका,

सुटायचा मार्ग नाही हे मुख्य बाईंना पटत नाहीये. "मग हे पात्र नकोच, दोर आपोआप धरणारं यंत्र टाका" असं म्हणत होत्या. मी अजून वाद घालतेय, कारण केस नीट करण्याचं तू लिहिलंस ते वाचल्यापासून मला दोरकरी हवाच आहे. पंधरा एप्रिलपर्यंतची मुदत मागून घेतली.

चित्रकार मात्र तुझ्याहून वस्ताद निघाला. आराखड्यात कडी जमिनीपासून साडेसहा फुटांवर आहे. तो म्हणतो, "तुझ्या काकांची चूक झाली, साडेतीन असणार. साडेसहावर कोण कडी लावतं? लहान मुलं चाकाजवळ जाऊ नयेत म्हणून असेल तर साडेचार पुरे. आणि दाराला आडवी खाट टाकली तर दार उघडणार कसं?" त्याने परस्पर साडेतीनवर काढलीसुद्धा.

बदलू दे का तसंच?

बुटकी


२० मार्च

प्रिय बुटके,

तुमच्या चित्रकाराला आधी ते खोडायला लाव.

मी मापात चूक करत नाही. एक सूत इकडेतिकडे झालं तर लिफ्टचं दार अडकतं, तिथे तीन फुटांची चूक करीन? साडेसहा म्हणजे साडेसहा.

कडी पोरांसाठी नाहीच. दोरकऱ्याच्या घरात एक म्हातारा असतो. अंगाने धडधाकट, डोकं मात्र निसटलेलं. त्याला वाटतं, आपल्याला अजून चारच्या पाळीला जायचंय. रोज साडेतीनला बूट घालतो, डावा उजव्यात, आणि दाराशी येतो. दाराबाहेर पोकळी आहे, चाक आहे, हे त्याला आठवत नाही. कडी आधी पाच फुटांवर होती. ती त्याने उघडली, आणि दोन तास सापडला नाही. मग साडेपाचवर लावली. तीही उघडली. मग दोरकऱ्याने नीट बसून निरीक्षण केलं, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. म्हाताऱ्याचा उजवा हात डोक्याच्या वर जात नाही. डावा जातो, पण जन्मभर कडी उजव्या हाताने काढली, डाव्याने काढायची हे त्याला सुचत नाही. म्हणून साडेसहा. त्या दिवसापासून उघडली गेलेली नाही.

खाट दाराला आडवी, कारण तो कधी उठेल सांगता येत नाही आणि दोरकऱ्याला झोप तर लागतेच. म्हाताऱ्याला त्याच्या अंगावरून जावं लागलं की दोरकरी जागा होतो. दार आतल्या बाजूला उघडत नाही, बाहेर उघडतं. हेही आराखड्यात आहे. बघायला डोळे हवेत.

कागदावर एकही रेघ उगाच नसते, हे त्याला शिकव.

काका


२७ मार्च

काका,

बाबांच्या उजव्या खांद्यावर छापखान्यात शिशाच्या खिळ्यांची पेटी पडली तेव्हा मी सातवीत होते. त्यानंतर तो हात कधी वर गेला नाही. शर्टाची उजवी बाही मी घालून द्यायचे. त्यांची पाळी चारची असायची.

तुझं पत्र मी कोणाला दाखवलं नाही. चित्रकाराला एवढंच सांगितलं, साडेसहा बरोबर आहे.

तीन प्रश्न विचारते. तू मापं देतोस तशी उत्तरं दे.

तू शेवटचा जिना कधी उतरलास?

नोकरी "कंटाळा आला म्हणून" सोडलीस, असं मागच्या वर्षी म्हणालास. खरं काय?

बाबा फोनवर "जेवलीस का" म्हणतात तेव्हा कोणाशी बोलतोय हे त्यांना कळतं का?

मी दोन वर्षं आले नाही. पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात करत राहिले. तू दर वेळी "ये सावकाश, इकडे काही अडलं नाहीये" म्हणालास, आणि मला ते ऐकायला बरं वाटायचं. हे लिहायला सोपं नाही.

बुटकी


२ एप्रिल

चि. बुटके,

गाळपट्ट्याविषयी काही विचारायचं असेल तर जरूर विचार. दोरकऱ्याच्या घरातला म्हातारा कल्पित आहे. लिहिणाऱ्याला आजूबाजूचं थोडं घ्यावं लागतं, त्यावरून कोणी घर शोधत येऊ नये.

तू मापं मागितलीस म्हणून देतो. जिना न उतरता चौदा महिने आणि नऊ दिवस. दोरकऱ्याचे.

म्हातारा आवाज ओळखत नाही. पण फोन वाजला की हातातलं सगळं बाजूला ठेवतो.

खेळ मंजूर होण्यासाठी यंत्र टाकायचं असेल तर टाका. माझी हरकत नाही. नाव नाही छापलं तरी चालेल.

काका


८ एप्रिल

काका,

नियम एकोणीस लिहिला. मुख्य बाईंनी काल मंजूर केला. नक्कल देते, चूक असेल तर सांग, पण सांगायला वेळ फार नाही.

"दोरकरी बदली मागत नाही. तो 'मी ठीक आहे' म्हणतो. जे कोणी हे वाक्य तीनदा ऐकेल त्याने न विचारता वर यावं, दोराला हात घालावा आणि 'मी आले' एवढंच म्हणावं. दोरकऱ्याने वाद घालायचा नाही. येणाऱ्याने आपलं खरं वजन आधी कळवायचं असतं."

माझं वजन सत्तेचाळीस किलो आठशे ग्रॅम. कंपनीतल्या पार्सलच्या काट्यावर केलं, चपला काढून.

सतरा तारखेला सकाळी पोचते. अकरा दिवसांची रजा मिळाली आहे, जास्त नाही मिळाली. अठ्ठावीसला परत निघावं लागेल, पुस्तक छपाईला जातंय.

तीनदा झालंय, काका. मोजलं मी. गुडघाही त्यात धरला.

बुटकी


१९ एप्रिल, पोस्ट ऑफिस

प्रिय बुटके,

आशीर्वाद. पाकिटावर आज आपल्याच घराचा पत्ता लिहिला. खिडकीतल्या बाईंनी वाचून विचारलं, "हे तर समोरच्या गल्लीत. हातानेच का नाही देत?" म्हटलं, पुस्तकात छापायचं आहे. शहाण्यासारखं तिकीट पुढे सरकवलं. इथलं पेन दोरीने टेबलाला बांधलेलं आहे, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर समजून घे. दोरी दोन फूट दोन इंच.

मी कसा निघालो ते तू आतून बघितलंस. बाहेरचं सांगतो. दार लागलं. तू स्टूल ओढलंस. तू बुटकी आहेस हे कडी लावताना माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. चौदा महिन्यांत इतकीच एक चूक. मग कडी सरकल्याचा आवाज आला. ती कडी मी निदान हजार वेळा सरकवली असेल, पण बाहेरून ऐकली ती आज. आतून तो आवाज वेगळा येतो. बाहेरून ऐकल्यावर मला वाटलं, कोणाला तरी आत अडकवून निघालोय. दहा मिनिटं तिथेच उभा होतो. आत दादाने तुला विचारलं, "तुम्ही नव्या आलात का कामाला?" आणि तू म्हणालीस, "हो, चारच्या पाळीला." मग मी उतरलो. असं उत्तर मलाही तुला शिकवता आलं नसतं.

शिंप्याने शिलाई थांबवली. चष्मा वर करून म्हणाला, "काय हो, लिफ्ट चालू झाली वाटतं." मी ठीक आहे, असं म्हणालो. सवय जात नाही.

कुठे जायचं ते ठरवलंच नव्हतं. कोपऱ्यावरच्या मोठ्या इमारतीत शिरलो. तिथली लिफ्ट मीच बसवली होती. आत उभा राहिलो, सातव्यापर्यंत गेलो, खाली आलो. चौथ्याला अजून हलका धक्का बसतो, कोणी लक्ष देत नाही. आरशात बघितलं तेव्हा माझा हात केसांकडे गेला होता. मग पोस्टात आलो. एवढं मिळून पंचावन्न मिनिटं झालीत, आणि मला परत यायचंय. तू सहापर्यंत बाहेर राहा म्हणालीस. मी राहीन, पण इथेच बसून. नियमात टीप घाल: दोरकरी सुटल्यावर पहिल्या दिवशी लांब जात नाही. दंतवैद्य बाईंना हे कळेल.

रोज साडेतीनला तो बूट घालील. अडवू नकोस, बूट सरळ करून दे. उजवी बाही तुला येतेच. स्टूल वापरून झालं की मोरीत ठेव, दाराशी नको.

आणखी एक. तू सत्तेचाळीस किलो आठशे, मी एकसष्ट. तेरा किलो दोनशे कमी पडत होते. परवा वर जिन्याच्या तोंडाशी तुझी बॅग हातात घेतली, तर तेरा-सव्वातेरा सहज भरेल. मापून आणलीस हे तेव्हाच कळलं. जोड झाली म्हणायची.

अठ्ठावीसला तू बॅग घेऊन उतरशील. खाली शिंपी तुला तुमच्या ऑफिसातलं वाक्य विचारील, मी त्याला शिकवून ठेवलंय: "तुझ्यासाठी कोण आलं?" त्याला माझं नाव सांग. मी वर आलेला असेन, हातात दोर असेल, तीन वेढे. तू वळून बघू नकोस, पाळणा हलतो.

हे मात्र पुस्तकात घालू नकोस. खेळायला कोणी बसणार नाही.

तुझा
काका